समजलं का? येस सर!

तर झालं असं, की २०२५ च्या दिवाळीत मी भडगावला घरी गेलो आणि पोचल्या पोचल्या आईने मला माळ्यावर चढवलं. (पुण्यात आपण सीनियर इंजिनियर वगैरे असू, घरी आपण जळमटं काढणारेच!) तिथे चपलांच्या एका खोक्यात माझा जुना फोन सापडला. स्क्रीनला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. हा फोन मी २०२० च्या जुलैमध्ये माझ्या चुलतभावाला दिला होता. तो तेव्हा सातवीत होता. पुढचं सव्वा वर्ष त्याची शाळा म्हणजे हाच फोन.

सहज चार्जिंगला लावला. अर्ध्या तासाने चक्क चालू झाला. सिम नव्हतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुन्या गप्पा तशाच होत्या. त्यात त्याच्या वर्गाचा ग्रुपही होता.

काही बिघडलं की आधी लॉग बघायचे, ही आपल्या धंद्यातली सवय. मी तो ग्रुप वरून खालपर्यंत वाचत बसलो. रोज सकाळी सरांचा ‘शुभ सकाळ विद्यार्थी मित्रांनो’. मग यूट्यूबची लिंक किंवा वहीच्या पानाचा फोटो. खाली ‘सर्वांना समजले का?’ आणि त्याखाली रांगेने: ‘येस सर’, ‘येस सर’, ‘हो सर’, अंगठा, अंगठा, जोडलेले हात (हे बहुतेक कुणाच्या तरी वडिलांनी पाठवलेले). दिवसामागून दिवस हेच. मी एक गोष्ट शोधत होतो, ‘सर, हे कसं आलं?’ असा एखादा प्रश्न. एकसुद्धा सापडला नाही. वर्षभरात एका अख्ख्या वर्गाला काहीच अडलं नव्हतं!

मग एका ठिकाणी, रात्री पावणेदहाला, ‘तुम्ही हा मेसेज डिलीट केला’ अशी ओळ दिसली. म्हणजे आमच्या धाकट्यानेच काहीतरी लिहून पुसलं होतं. त्याच्या वर सरांनी पाठवलेलं पान होतं, पूर्णांक संख्यांचा गुणाकार.

तो आता बारावीत आहे. ओट्यावर आकाशकंदील बांधत होता. त्याला विचारलं, “काय रे, काय लिहिलं होतंस?” त्याला आठवत होतं, याचंच मला आश्चर्य वाटलं. म्हणाला, “ऋण गुणिले ऋण धन कसं काय होतं, ते विचारलं होतं. मग पाहिलं तर सगळ्यांनी येस सर लिहिलेलं. म्हटलं आपणच कशाला...”

“मग मला विचारायचंस ना!”

“तू हेडफोन घालून बसायचास दादा. मोठी आई म्हणायची, त्याला डिस्टर्ब करू नको, त्याचा अभ्यास चालू आहे.”

तो हे तक्रार म्हणून बोलला नव्हता. कंदील सरळ दिसतो का, हे विचारावं तितक्या सहज बोलला. पण मला दिवाळीभर ते वाक्य टोचत राहिलं, आणि हा लेख त्यातूनच आला आहे.

थोडं मागे जाऊ. मार्च २०२०. मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरला होतो. शाळा-कॉलेजं बंद झाली तेव्हा हॉस्टेलवरून दोन आठवड्यांचे कपडे घेऊन घरी आलो, आणि मग लॉकडाऊन लागला. एकत्र घर, माणसं आठ, आणि रेंज येणाऱ्या जागा तीन! खिडकीजवळची जागा माझी, कारण माझं ‘करियर’ होतं. जिन्याची तिसरी पायरी धाकट्याची. आणि पडवी नानांची. नाना म्हणजे माझे काका, धाकट्याचे वडील, तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तेव्हा त्यांची नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती.

म्हणजे एकाच घरात ऑनलाइन शिक्षणाचे तीन नमुने होते: शिकवणारा, शिकणारा लहान आणि शिकणारा मोठा. त्या वेळी ते माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्यांदा माझंच सांगतो. आमच्या कॉलेजच्या तासांना साठ-एक नावं स्क्रीनवर असायची, सगळ्यांचे कॅमेरे बंद. एकदा उन्हाळ्यात मी तास लावून फोन खिशात टाकला आणि गच्चीवर बिबडे राखायला जाऊन बसलो (चिमण्या आणि वारा दोघांपासून). सर स्लाइड वाचत होते. मध्येच थांबले आणि म्हणाले, “कोणी आहे का?” कुणीच बोललं नाही. मीही नाही. सर थोडा वेळ थांबले, मग पुन्हा स्लाइड वाचायला लागले. आम्ही त्यावर नंतर ग्रुपवर हसलो. आज मी स्वतः टीममधल्या नव्या पोरांना कॉलवर काही समजावत असतो आणि समोर अशीच शांतता पसरते, तेव्हा त्या सरांना त्या क्षणी कसं वाटलं असेल हे कळतं.

पुढे अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद झाला. राज्य सरकारला परीक्षा नको होत्या, यूजीसीला हव्या होत्या, आणि २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही असा निकाल दिला. त्याआधी परीक्षा रद्द करा म्हणून हॅशटॅग चालवणाऱ्यांत मीही होतो. कारण काय दिलं? ग्रामीण विद्यार्थ्यांचं नेटवर्क! ते कारण खोटं नव्हतं, पण माझं नव्हतं. शेवटी ऑनलाइन, पर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली. आम्ही पाच मित्र दुसऱ्या फोनवर कॉल लावून बसलो आणि प्रश्न वाटून घेतले. चार वर्षांतले माझे सर्वात जास्त मार्क त्या सेमिस्टरचे आहेत. रिझ्युमेवर अजून आहेत.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, आपण सगळ्यांनीच हे केलं. तोच तर मुद्दा आहे. ऑनलाइन शिक्षणाची चर्चा निघाली की विद्यार्थ्यांना ते आवडलं नाही, असं आपण म्हणतो. खरं सांगायचं तर आपल्याला ते चालत होतं. हजेरी लागत होती, मार्क मिळत होते, कुणी उठवून प्रश्न विचारत नव्हतं. आपल्याला नावडायची ती फक्त रेंज.

आता नाना. माझा समज होता की जुन्या पिढीचे शिक्षक या सगळ्याच्या विरोधात असणार. नाना उलट पहिल्या दिवसापासून उत्साहात! पडवीत फळा टांगला, पिठाच्या डब्यावर चार पुस्तकं रचून त्याला फोन टेकवला आणि व्हिडिओ करायला लागले. मध्येच भाजीवाला ओरडायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. आम्ही पोरं जिन्यातून बघून फिदीफिदी हसायचो. संध्याकाळी ते जेवताना सांगायचे, आज अकरा जणांनी पाहिला. त्या अकरांत चार वेळा त्यांनी स्वतःच पाहिलेला असायचा.

आणि हे सगळं उरलेल्या वेळात बरं का. त्या वर्षी शिक्षकांना चेकपोस्टवर उभं केलं, घरोघरच्या सर्वेक्षणाला पाठवलं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हाही पथकांमध्ये शिक्षक होते. ‘मास्तरांना घरबसल्या पगार’ असं तेव्हा बरेच जण म्हणायचे. ते ज्या घरात बसायचे त्या घरात मी होतो, म्हणून सांगतो.

दोन-अडीच महिन्यांनी नानांनी व्हिडिओ बंद केले. त्यांनी गावात फिरून पाहिलं होतं. निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, आणि जिथे होता तिथे तो सकाळीच वडिलांच्या खिशात बसून कपाशीच्या शेतात जायचा. पण त्यांचं कारण ते नव्हतं. जेवताना एकदा म्हणाले, “पोरेसनं तोंड दिखत नही, मंग काय शिकाडू?” पोरांचं तोंड दिसत नाही, मग शिकवू तरी काय! त्यानंतर ते मोटरसायकलवर जाऊन देवळाच्या ओट्यावर पाच-सहा पोरं अंतरा-अंतराने बसवून शिकवायला लागले. आज ही आळी, उद्या ती. तेव्हा मला वाटलं, नानांना टेक्नॉलॉजी झेपली नाही.

मला आज वाटतं की त्या घरात टेक्नॉलॉजी फक्त नानांनाच नीट समजली होती.

नेटवर्कच्या पेपरला आपण सगळ्यांनी टीसीपी आणि यूडीपीमधला फरक लिहिलाय. टीसीपीमध्ये पॅकेट पोचलं की पलीकडून पावती येते, पावती आली नाही तर ते पुन्हा पाठवलं जातं. यूडीपीमध्ये पाठवलं की काम संपलं, पोचलं का हरवलं ते कुणी बघत नाही. क्रिकेटची मॅच अशी पाठवली तर चालते, एखादी फ्रेम गेली तर बिघडत नाही. वर्गात मात्र मास्तर प्रत्येक वाक्यानंतर पावती घेत असतात. कुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं, कुणी उगाच पेन्सिलीला टोक करायला घेतलं, या सगळ्या ‘नाही पोचलं’ असं सांगणाऱ्या पावत्या. नाना त्यांना ‘तोंड’ म्हणत होते. फोनवरून त्या येणं बंद झालं. एवढंच झालं असतं तर निदान शिक्षकाला कळलं असतं की आपल्याला काही कळत नाहीये. पण तिथे ‘येस सर’ची खोटी पावती यायला लागली. चाळीस येस सर आल्यावर कुठलाही माणूस पुढच्या धड्याकडेच जाणार. त्या सरांना मी दोष देत नाही. आणि मुलांना तरी कसा देऊ? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, लेखी, ‘मला कळलं नाही’ असं लिहायला बारा वर्षांच्या पोराकडे किती धाडस पाहिजे! वर्गात तेच तो शेजारच्याला कोपराने ढोसून विचारतो.

“पण फोन आणि डेटा सगळ्यांना दिला असता तर?” हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतात फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय. तेव्हा साधनांची अडचण होती हे खरंच. पण ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आलेला होता, दोन वर्षांपूर्वी ते प्रमाण ३६.५ होतं. म्हणजे फोन घरात आले. शिक्षण? सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचं पुस्तक वाचता येणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये ती १६.३ वर आली. आणि शाळा नियमित भरायला लागल्यावर, २०२४ मध्ये, २३.४. आधीपेक्षाही वर! फोन तर २०२४ मध्ये आणखी वाढलेलेच होते. तेव्हा हा फरक फोनने पाडला, असं म्हणणं मला अवघड जातं.

या आकड्यांवर खूश होताना एक गोष्ट निसटते. २०२४ ची तिसरीची मुलं वर्गात बसून वाचायला शिकलेली आहेत. आमचा धाकटा त्यांच्यात नाही. त्याची सातवी म्हणजे जानेवारी २०२१ नंतरचे काही आठवडे, मग दुसरी लाट. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवी सगळे परीक्षेशिवाय वरच्या वर्गात. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून नियमित सुरू झाले, तेव्हा तो आठवीत होता आणि पुस्तक सातवीचं सगळं येतं असं धरून पुढे निघालं होतं. त्याच वर्षी दहावीची परीक्षाही रद्द झाली होती आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या निकालात कुणाला येतं आणि कुणाला येत नाही, हे शोधायची सोयच नव्हती. धाकट्याने पुढे दहावी काठावर काढली आणि आर्ट्सला गेला. आर्ट्सला जाण्यात काही वाईट नाही, माझा त्यावर आक्षेप नाही. पण त्याला इतिहास आवडतो म्हणून तो गेला नाही. गणित सुटेल म्हणून गेला. याचं मला वाईट वाटतं.

आणि त्याच खिडकीत, त्याच रेंजवर मी काय केलं? यूट्यूबवरून आणि फुकटच्या कोर्सेसमधून प्रोग्रॅमिंग शिकलो, ज्याच्या जोरावर पहिली नोकरी मिळाली. त्यामुळे गेली पाच वर्षं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी छाती पुढे काढून सांगत आलो, “ज्याला शिकायचंय तो ऑनलाइनही शिकतो. आपण नाही का शिकलो!” हे वाक्य तुमच्याही तोंडात असेल. ते अर्धंच खरं आहे. बावीस वर्षांच्या मला आपल्याला काय कळलं नाही हे कळत होतं. ते सर्चमध्ये कसं लिहायचं हे माहीत होतं. हे मला कुणी शिकवलं? आधीच्या सोळा वर्षांत ज्यांनी वर्गात माझं तोंड पाहून ‘तुला नाही समजलं, उभा राहा’ म्हटलं, त्यांनी. मी त्यांनी भरून दिलेल्या टाकीवर गाडी चालवत होतो आणि धाकट्याला सांगत होतो, बघ, पेट्रोलची गरज नसते.

आपल्या क्षेत्राने तर या अर्ध्या सत्यावर धंदा उभा केला. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने लहान मुलांना कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनियर ३० कोटी डॉलरना विकत घेतली. २०२४ मध्ये तीच बायजूज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हे बघून काही जण म्हणतात, ऑनलाइन संपलं. मला तसंही वाटत नाही. मे २०२० मध्ये काहीच नसण्यापेक्षा ग्रुपवरची लिंक शंभर पटींनी बरी होती. ‘टिलीमिली’ सह्याद्रीवर लागायची तेव्हा आमच्या घरी आजीसुद्धा बघायची. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम करोनाच्या कितीतरी आधीचं, आणि ते वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचं काम होतं. व्हिडिओ शिक्षकाच्या हातात असला की उपयोगी पडतो, शिक्षकाच्या जागी ठेवला की नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे आता का उगाळायचं? कारण ऑनलाइन ही आता सगळ्यांची पहिली सोय झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत हवा बिघडली, शाळा ऑनलाइन. त्यात आरोग्याचं कारण आहे, मान्य. पण ‘शिक्षण थांबलेलं नाही’ असं लगेच जाहीर होतं, तिथे मला तो ग्रुप आठवतो. थांबलं की नाही हे लिंका मोजून कसं ठरवणार? पुन्हा वेळ आलीच, तर शिक्षकाला चाळीस मुलांचा एक ग्रुप देण्याऐवजी पाच-सहा मुलांचे गट द्या. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाशी साध्या फोनवर बोलायचा वेळ द्या, आणि तो वेळ कामात धरा, सर्वेक्षणाच्या उरलेल्या वेळात नको. यासाठी कुठलंही नवं अ‍ॅप लागत नाही. नानांनी ते मोटरसायकलवर केलंच होतं.

आणि आपल्यासाठीही एक. २०२० मध्ये सातवी-आठवीत असलेली मुलं आता कॉलेजात आहेत. चार वर्षांनी ती आपल्या टीममध्ये येतील. कॉलवर आपण विचारू “क्लियर?” आणि ती म्हणतील “येस सर”. तेव्हा पुढच्या स्लाइडला जाण्याआधी थोडं थांबा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी धाकट्याला ओट्यावर बसवलं. म्हटलं, समज आपलं किराणा दुकान आहे, तीन जणांची पाच-पाच रुपयांची उधारी तुझ्या डोक्यावर आहे. ती ऋण. आता ती तिन्ही खाती कुणी खोडून टाकली, तर तुझे किती वाढले? त्याने माझ्याकडे बघितलं, बोटाने हवेत काहीतरी मोजलं आणि म्हणाला, “पंधरा. अरे... एवढंच होतं?”

चार मिनिटं लागली. २०२० मध्येही तेवढीच लागली असती, आणि मी त्याच्यापासून पाच फुटांवर बसलो होतो.

“आता काय उपयोग पण, आर्ट्स आहे माझं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने स्वतःच वही घेऊन आला. अपूर्णांकांचंही असंच काहीतरी राहिलंय म्हणे. सध्या दर रविवारी सकाळी आम्ही फोनवर बसतो. हो, ऑनलाइनच! :-) पण कॅमेरा चालू ठेवायचा, ही अट आहे. दोघांनाही.